मॅडमची वकिली, टायपिस्टच्या खुर्चीतून

मॅडमचा सत्कार झाला. टिळक रोडवरचा हॉल, शाल-श्रीफळ, पुणेरी पगडी, मानपत्र, सगळं यथासांग. मानपत्र मीच टाइप केलं होतं, त्यामुळे ‘आरोग्यविषयक कायदा व धोरण या क्षेत्रातील आपले प्रदीर्घ योगदान’ हे वाक्य वाचायला सुरुवात झाली तेव्हा पुढचं मला पाठच होतं. वक्ते चांगलं बोलले. कोणी समित्यांबद्दल बोललं, कोणी हायकोर्टातल्या याचिकांबद्दल, कोणी लॉ कॉलेजातल्या व्याख्यानांबद्दल. एकही शब्द खोटा नव्हता. पण ऐकताना मला सारखं वाटत होतं, हे निम्मंच झालं. मॅडमच्या कामाचा मोठा हिस्सा कुठल्याच निकालपत्रात सापडणार नाही. तो फोनवर झाला, हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर झाला आणि एका पानाच्या अर्जांमध्ये झाला. ते अर्ज मी टाइप केले, म्हणून हा उद्योग.

मॅडमचं नाव लिहीत नाही. तशी ताकीद आहे. ‘वकिलाला जाहिरात करता येत नाही. तू इंटरनेटवर माझी आरती ओवाळलीस तर बार कौन्सिल नोटीस मला काढेल, तुला नाही.’

मी लागले तेव्हा ऑफिस नारायण पेठेतल्या एका वाड्यात होतं, पहिल्या मजल्यावर. टेबलावर मराठी रेमिंग्टन टाइपरायटर, कार्बनच्या तीन प्रती, आणि चौथी हवी असेल तर बोटं मोडायची तयारी. पुढे कॉम्प्युटरवर श्रीलिपीचे फॉन्ट आले, मग युनिकोड आलं, वाडा पाडला, ऑफिस कर्वे रोडला गेलं. मॅडम आयएलएस लॉ कॉलेजच्या. सनद घेतली तेव्हा पुण्यातला कुठलाही नवा वकील करायचा तेच त्यांनी केलं: मालक-भाडेकरू. अर्ध्या पेठा तेव्हा एकमेकींवर दावे लावून बसल्या होत्या. पण ग्राहक चळवळीचं वारं याच शहरातलं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत पुण्यातच सुरू केली. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला तेव्हा मॅडम मिक्सर, स्कूटर, बिल्डर अशा तक्रारी घेऊन ग्राहक मंचापुढे उभ्या राहायला लागल्या.

डॉक्टर मात्र त्यात बसत नव्हते, म्हणजे बसतात की नाही यावरच वाद होता. ‘आम्ही सेवा देतो, माल विकत नाही, आम्हाला दुकानदाराच्या रांगेत उभं करू नका’ असं डॉक्टरांचं म्हणणं. इंडियन मेडिकल असोसिएशन सुप्रीम कोर्टात गेली आणि १३ नोव्हेंबर १९९५ ला निकाल लागला, तोच तो व्ही. पी. शांता खटला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा कायद्यात येते. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ती हॉस्पिटलं बाहेर. पण जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट देतात, तिथला फुकटचा पेशंटसुद्धा ग्राहकच. हे शेवटचं मॅडमना फार आवडायचं. तो निकाल मी इतक्या वेळा टाइप केलाय की परिच्छेदांचे आकडे अजून बोटांत आहेत.

त्यानंतर पेठेतल्या काही डॉक्टरांनी मॅडमना ओळख द्यायची सोडली. ‘डॉक्टरांविरुद्धच्या वकीलीणबाई’ असा शिक्काच बसला. तो किती चुकीचा होता ते मला माहीत आहे, कारण परत पाठवलेल्या माणसांची वही मीच ठेवायचे.

नव्या ज्युनिअरला मॅडम पहिल्याच आठवड्यात एक निकाल वाचायला देत: लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले, सुप्रीम कोर्ट, १९६८. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्यात आजही देशभर ज्याचं नाव घेतलं जातं तो खटला आपल्या पुण्याचा, हे ज्युनिअरांना बहुधा माहीत नसे. १९५३ च्या मे महिन्यात कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर २० वर्षांच्या एका मुलाचं मांडीचं हाड मोडलं. पायाला फळ्या बांधून त्याला पुण्याला आणलं. इथे हाड बसवताना पुरेशी भूल न देता जोर लावला गेला आणि त्या धक्क्यानं मुलगा दगावला, असं कोर्टांनी धरलं. नुकसानभरपाई ३,००० रुपये. प्रकरण सुप्रीम कोर्टात संपेपर्यंत १५ वर्षं उलटली होती.

मॅडमना त्यातली रक्कम महत्त्वाची वाटायची नाही. त्या निकालात डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली आहेत: ही केस आपण घ्यावी का हे ठरवताना काळजी, कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना काळजी, आणि ते उपचार प्रत्यक्ष देताना काळजी. ज्युनिअर घडाघडा म्हणून दाखवायचा. मग मॅडम विचारायच्या, ‘यातलं पहिलं वकिलाला लागू आहे की नाही?’

त्यांना ते लागू होतं. हडपसरचं एक कुटुंब आलं होतं, वडील ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी गेलेले. दोन मुलं, एक सून, हातात एक्स-रेच्या पिवळ्या पाकिटात कोंबलेले सगळे कागद. मोठा मुलगा रागानं थरथरत होता. मॅडमनी फाइल ठेवून घेतली, एका सर्जनला वाचायला दिली, स्वतः वाचली. नर्सिंग नोट्स वाचायची त्यांची पद्धत ठरलेली: आधी डॉक्टरांचं अक्षर नाही, आधी नर्सचं. टीपीआर चार्ट म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदी, इनटेक-आउटपुट म्हणजे पोटात किती गेलं, बाहेर किती आलं, रात्रपाळीची नोंद किती वाजताची आहे, शाई बदलली आहे का, मधेच कुणी खाडाखोड केली आहे का. ‘डॉक्टर आठवून लिहितो, सिस्टर बघून लिहिते,’ असं म्हणायच्या. आठवड्यानं त्या कुटुंबाला बोलावून सांगितलं, ‘डॉक्टरांनी उपचारात कसूर केलेली दिसत नाही. कसूर एवढीच, की चार दिवसांत तुमच्याशी कोणी धड बोललं नाही. त्याला कलम नाही.’ मुलगा उठून जायला लागला. मॅडमनी त्याला बसवलं आणि त्याच्यासमोर त्या डॉक्टरांना फोन लावला, की मी दावा लावत नाहीये, पण या लोकांना तुम्ही एक तास द्या. डॉक्टरांनी दिला. ते कुटुंब समाधानी झालं का? मला नाही वाटत. पण दावा झाला नाही, आणि फाइल वाचण्याची फी मॅडमनी घेतली. वाचायची फी त्या नेहमी घ्यायच्या, त्यात दयामाया नव्हती.

डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावा म्हणणाऱ्यांना तर त्या दारातूनच वळवायच्या. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानं त्यांच्या म्हणण्याला बळ मिळालं: फौजदारीसाठी निष्काळजीपणा ढोबळ, घोर असावा लागतो, निव्वळ निर्णय चुकला म्हणून डॉक्टरला आरोपी करता येत नाही. पण हेच डॉक्टर संमतीपत्राच्या बाबतीत ढिलाई करायचे तेव्हा मॅडमचा पारा चढायचा. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या अविवाहित बाईचं गर्भाशय काढलं होतं, बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन. सुप्रीम कोर्टानं ती संमती मानली नाही. नर्सिंगच्या मुलींना शिकवताना मॅडम हा खटला सांगायच्या आणि मग वर्गाला विचारायच्या, ‘तुमच्या वॉर्डात बायकांच्या फॉर्मवर सही कोण करतं?’ वर्ग एका सुरात म्हणायचा, ‘मिस्टर.’ मग पुढचा तास कसा जायचा ते सांगायला नको.

आता तो एका पानाचा अर्ज.

‘मी/माझे नातेवाईक श्री./श्रीमती ____ आपल्या रुग्णालयात दि. ____ ते दि. ____ या कालावधीत आंतररुग्ण म्हणून दाखल होतो/होते. सदर उपचारांच्या संपूर्ण केसपेपरची प्रत, तपासण्यांचे अहवाल व तपशीलवार बिल मिळावे…’ खाली मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांचा हवाला. त्या नियमांत साफ लिहिलंय, आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे, आणि रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितले तर मागणीची पोच देऊन ७२ तासांत प्रत द्यायची. हा अर्ज मी आधी स्टेन्सिलवर कापला, मग झेरॉक्सचे गठ्ठे केले. दाराजवळच्या स्टुलावर ते ठेवलेले असत आणि कोणीही, पक्षकार असो नसो, उचलून न्यावा असा शिरस्ता होता. अट एकच. ‘पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. देत नाहीत म्हणाले तर तिथेच थांबून वाद घालायचा नाही, सरळ पोस्टात जायचं आणि रजिस्टर एडी करायचं.’

कितीतरी भांडणं त्या अर्जावरच मिटली. कागद हातात आले की माणसाला कळायचं काय झालं ते. किंवा कागद मागितले म्हटल्यावर बिलातला एखादा आकडा आपोआप कमी व्हायचा. मॅडम हसायच्या नाहीत, पण भुवई वर जायची.

रात्रीचे फोन हा वेगळाच प्रकार. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एएखाली धर्मादाय हॉस्पिटलांनी गरिबांसाठी खाटा ठेवायच्या असतात. हायकोर्टानं २००६ साली त्याची योजना पक्की केली: १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यायचं. पुण्यात अशी हॉस्पिटलं थोडीथोडकी नाहीत, त्यातली काही तर पंचतारांकित हॉटेलासारखी. योजना आहे हे गेटवरच्या वॉचमनला माहीत असतं, काउंटरवरच्या माणसाला अचानक माहीत नसतं.

एकदा एक प्रतिज्ञापत्र संपवायला मी उशिरापर्यंत थांबले होते. यवतच्या बाजूचा एक ड्रायव्हर, बायकोला स्ट्रेचरवर ठेवून काउंटरवर उभा, डिपॉझिट भरा म्हणतात. कुणीतरी नंबर दिलेला. मॅडम म्हणाल्या, ‘दादा, फोन त्या माणसाच्या हातात द्या.’ आणि मग त्यांचा तो आवाज. वरचढ नाही, चिडका नाही, बँकेत खातं उघडायला गेल्यासारखा.

‘नमस्कार. मी ॲडव्होकेट बोलतेय. आपलं नाव? बरं. पेशंट तातडीच्या स्थितीत आहे असं आपल्या डॉक्टरांनी म्हटलंय का? म्हटलंय. मग डिपॉझिट भरल्याशिवाय घेणार नाही, एवढी ओळ आपल्या लेटरहेडवर लिहून यांच्या हातात देता का? नाही, नाही, भांडत नाहीये. फक्त लिहून द्या. वेळ टाका. मी थांबते फोनवर.’

लिहून कोणी देत नाही. ते त्यांनाही माहीत होतं. थोड्या वेळानं ड्रायव्हरचा फोन आला, ‘वैनी, आत घेतलं.’ मॅडमनी लगेच दुसऱ्या दिवसाची कामं सांगितली: सकाळी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, रेशनकार्ड आणा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला गावाकडून कोणाला तरी काढायला सांगा, आणि औषधं बाहेरून आणायला सांगितली तर प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. मला म्हणाल्या, ‘कायदा झोपलेला नसतो गं. त्याला हाक मारणारा जागा लागतो.’ हे वाक्य एका वक्त्यानं सत्कारात वापरलं. माझ्याकडूनच नेलं होतं.

या सगळ्यात मॅडमना सर्वात जास्त वैर ज्या कायद्यानं दिलं, तो गर्भलिंग निदानाचा. महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, राज्याचा कायदा केला. केंद्राचा १९९४ चा. तरी जनगणनेत काय दिसलं? राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३. सेहत आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली, तेव्हा कुठे नोंदणी, तपासण्या हलायला लागल्या आणि २००३ मध्ये कायदा कडक झाला. मॅडम त्या काळात सोनोग्राफी सेंटरांचे ‘एफ’ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीची कायद्यानं ठेवायची नोंद, वाचायला बसायच्या. ‘सोनोग्राफीचं कारण’ या रकान्यात शंभर फॉर्मवर एकच वाक्य, एकाच अक्षरात. रेडिऑलॉजिस्ट मंडळी म्हणायची, कागदाच्या एका चुकीवरून आम्हाला गुन्हेगार करता. मलाही मधूनमधून ते पटायचं, मी मॅडमना म्हटलंही. त्यांनी फॉर्मचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. ‘या गुन्ह्यात पेशंट तक्रार करत नाही, नातेवाईक करत नाहीत, डॉक्टर करत नाही. मुलगी तर जन्मलेलीच नाही. साक्षीदार कोण उरला? हा फॉर्म.’ सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेची याचिका फेटाळताना फॉर्म हलका मानला नाही. पण या काळात मॅडमची कॉलेजपासूनची एक डॉक्टर मैत्रीण कायमची तुटली. सत्काराला ती आली नव्हती. मॅडमनी दाराकडे बघितलं का ते मी पाहिलं नाही, मी पुष्पगुच्छ मोजत होते.

कोविडचं थोडक्यात सांगते, कारण त्या दिवसांबद्दल लिहायचा मला कंटाळा आहे. २०२० च्या मे महिन्यात सरकारनं खाजगी हॉस्पिटलांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले: साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. मॅडमच्या व्हॉट्सॲपवर बिलांच्या फोटोंचा पाऊस. मी घरून एक्सेलमध्ये भरायचे: पीपीई किट किती, कोणाच्या माथी किती वेळा. दर बांधायला जे कायदे वापरले त्यात एक १८९७ चा साथरोग कायदा होता. पुण्याच्या माणसाला ते साल सांगावं लागत नाही. प्लेगची साथ, घराघरांत घुसलेले सोजीर, रँड, गणेशखिंड, चापेकर. ज्या कायद्यानं तेव्हा पेठांत गोरे शिपाई घातले, त्याच कायद्याच्या आधारे आम्ही आता बिलातले पैसे परत मागत होतो. मॅडम म्हणाल्या, ‘कायद्याला चारित्र्य नसतं, वापरणाऱ्याला असतं.’ मी म्हटलं, हे मानपत्रात घालू का? ‘नको, फार शहाणपणाचं वाटतं.’

धोरणाच्या बैठकांना त्या जायच्या, मुंबईला, दिल्लीला, आणि यायच्या त्या वैतागूनच. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा, महाराष्ट्रानं तो स्वीकारला नाही, आपला १९४९ चा नर्सिंग होम कायदाच ओढत राहिला. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले: रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची, दरपत्रक लावायचं, पालिकेनं तक्रारीसाठी यंत्रणा ठेवायची. तेव्हापासून मॅडम कुठल्याही हॉस्पिटलात, अगदी कोणाला भेटायला गेल्या तरी, आधी रिसेप्शनच्या भिंती बघतात. सनद सहसा कुंडीच्या मागे असते. गेल्या वर्षी स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या, तर एका डोळ्यावर पट्टी असताना रिसेप्शनच्या मुलीला विचारत होत्या, ‘दरपत्रक कुठंय?’ मुलगी म्हणाली, ‘आजी, तुम्ही बसा ना.’ आजी बसल्या नाहीत.

राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, आपल्याकडे कधी, असं सत्कारात एका पत्रकारानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, कायदा येऊ दे, हवाच आहे, पण आधी आहेत त्या नियमांसाठी प्रत्येक वॉर्ड ऑफिसात फोन उचलणारा एक माणूस बसवा. पेपरात यातलं पहिलं अर्धं वाक्य छापून आलं.

ऑफिस या महिनाअखेरीस बंद होतंय. ज्युनिअर दोघी आपापल्या चेंबरमधून काम बघतील, अर्जांचा नमुना त्यांच्याकडे आहे. निकाली निघालेल्या फायली मी याद्या करून गठ्ठे बांधतेय. त्यात लोकांचे मूळ कागद आहेत, एक्स-रे आहेत, पॅथॉलॉजीच्या स्लाइडही आहेत. ज्यांचे असतील त्यांनी संध्याकाळी पाच ते सात या वेळात ओळखपत्र घेऊन यावं. जिने चढवत नसतील त्यांनी खालून हाक मारावी, मी गठ्ठा खाली आणून देईन.